धावणाऱ्यांचं गाव, इटेन

मुंबई मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी पेपरात विजेत्यांची नावं बघता ना? बहुतेक वेळा केनिया, नाहीतर इथिओपिया. ‘त्यांचं शरीरच वेगळं असतं बाबा’ म्हणत आपण पान उलटतो. आज जरा थांबा आणि केनियातल्या इटेनला चला.

केरिओ खोऱ्याच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसलेलं हे छोटंसं गाव. वेशीवरच्या कमानीवर लिहिलंय, ‘चॅम्पियन्सचं घर’. इथे हवा विरळ असते, त्यामुळे रक्तात लाल पेशी वाढतात आणि खाली येऊन धावताना त्याचा फायदा होतो. पण नुसत्या उंचीवर पदकं मिळत असती, तर आपल्या लेहमध्ये एव्हाना ढीग लागला असता!

इटेन घडवलं ते एका शाळेनं. १९७६ साली कोल्म ओ’कॉनेल हे आयरिश ब्रदर सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या कोचिंगचा अनुभव? शून्य. पोरांना बघत बघत ते शिकले आणि मग तिथलेच होऊन गेले. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा पीटर रोनो याच शाळेचा. लंडन २०१२मध्ये ८०० मीटर १:४०.९१ अशा विश्वविक्रमी वेळेत पळालेला डेव्हिड रुडिशाही ओ’कॉनेल यांचाच चेला.

मग लोर्ना किप्लागटनं इथे प्रशिक्षण केंद्र काढलं, तेही मुख्यतः मुलींचा विचार करून. परदेशी धावपटू येऊ लागले, पाठोपाठ लॉज, हॉटेलं आली. गुरुवारी सकाळी लाल मातीच्या रस्त्यावर ‘फार्टलेक’साठी मोठा घोळका जमतो, ऑलिम्पियन आणि नवखा पोरगा एकाच धुळीत. कामारिनीचं जुनं मैदान मात्र नूतनीकरणासाठी उकरलं आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. ओळखीचं वाटतंय ना?

पण कमानीवर न लिहिलेली एक गोष्टही आहे. इथे शर्यत जिंकली की घर, जमीन, गाडी येते. मग प्रश्न उभा राहतो, जिंकली मुलगी, पण पैसा कुणाच्या हातात? ॲग्नेस टिरोपनं सप्टेंबर २०२१मध्ये फक्त महिलांच्या १० किलोमीटर शर्यतीत ३०:०१ असा विश्वविक्रम केला. महिनाभरात इटेनमधल्या घरात तिचा मृतदेह सापडला. वय २५. खुनाचा आरोप नवऱ्यावर ठेवण्यात आला.

तिच्यासोबत धावणाऱ्या जोन चेलिमो, व्हायोला चेप्टू वगैरे मुली नुसत्या रडत बसल्या नाहीत. घरात मार खाणाऱ्या, पैशांसाठी छळ सोसणाऱ्या मुलींना आधार देण्यासाठी त्यांनी ‘टिरोप्स एंजल्स’ ही संस्था काढली. सकाळचा सराव आटोपायचा आणि मग हे काम.