बालगंधर्व पडद्यावर: वैभव दिसले, कर्ज दिसले, शेवटची वर्षे राहिली

रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ हा चित्रपट ६ मे २०११ रोजी प्रदर्शित झाला. निर्मिती नितीन चंद्रकांत देसाई यांची, लेखन अभिराम भडकमकर यांचे, संगीत कौशल इनामदार यांचे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांची भूमिका सुबोध भावे यांनी केली आणि गाणारा आवाज आनंद भाटे यांचा होता. भाटे यांना पार्श्वगायनाचे आणि विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हे दोन सन्मान बोलके आहेत, कारण या चित्रपटापुढची खरी अडचण आवाज आणि रूप हीच होती.

हयात व्यक्तीवरील चरित्रपटाला ही अडचण नसते. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाने राज्यभर पोहोचलेल्या मनोज जरांगे यांच्या जीवनावर २०२४ मध्ये ‘संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील’ हा चित्रपट आला. त्यातील माणूस, मंडप आणि गर्दी प्रेक्षकांनी आधीच पाहिलेली होती. पडद्यावरचा प्रसंग खरा की रंगवलेला, हे तिथला कोणीही सांगू शकत होता. ‘मानापमान’ नाटकातील बालगंधर्वांची १९११ ची भामिनी पाहिलेले मात्र आज कोणी नाही. उरल्या आहेत छायाचित्रे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिका. तेच पद रंगमंचावर वन्समोअर घेत कितीतरी वेळ चाले. तो विस्तार, लयीत मागे रेंगाळून समेवर अचूक येण्याची ती लकब भाटे यांना त्या तीन मिनिटांवरून उभी करावी लागली. त्यांनी नक्कल केली नाही, चाल आणि वळण मात्र राखले. चित्रपटाचे यश सर्वात जास्त येथे आहे.

चित्रपट ज्या जीवनावर उभा आहे ते दुःखाने भरलेले आहे. राजहंसांचा जन्म २६ जून १८८८ चा. ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्य टिळकांनी दिली असे परंपरेने सांगितले जाते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी दगावली. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. ही घटना मराठी रंगभूमीवर गेली शंभर वर्षे निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि चित्रपटही तिला तेच स्थान देतो. पण विभावरी देशपांडे यांनी साकारलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई समोर असल्याने प्रेक्षकाला दुसरी बाजूही दिसते: रसिक मायबापांना दिलेल्या शब्दाची किंमत घरातल्या बाईनेही मोजली होती. तिला विचारले कोणी नव्हते. चित्रपटाने हा प्रश्न मोठ्याने विचारायला हवा होता. तो फक्त तिच्या चेहऱ्यावर ठेवला आहे.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ‘स्वयंवर’ १९१६ चे, ‘एकच प्याला’ १९१९ चे. पुढे भागीदार बाहेर पडले आणि मंडळी एकट्या नारायणरावांच्या माथ्यावर आली. मंडळीवर झालेल्या कर्जाचे कारण व्यसन किंवा जुगार नव्हते. खरे भरजरी शालू, खरे दागिने, प्रेक्षागृहात शिंपडले जाणारे अत्तर, साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी: पैसा या सगळ्यात जात होता. नाट्यगृह भरलेले असूनही देणी वाढत राहिली. चित्रपट हा खर्च मोठ्या प्रेमाने दाखवतो. नीता लुल्ला यांची वेशभूषा आणि देसाई यांचे नेपथ्य इतके देखणे आहे की कर्ज हेही वैभवाचाच भाग वाटू लागते. मंडळीत पगारावर असलेल्या माणसांची चिंता त्या झगमगाटात मागे पडते.

बोलपट आल्यावर संगीत नाटकाचा प्रेक्षक हलला. व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ केला, त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले. त्या चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. गोदाकाठच्या पैठणचा हा संत साकारताना, आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला नट प्रथमच पुरुषवेशात मोठ्या समुदायासमोर आला. कॅमेऱ्यासमोर मायबाप बसलेले नसतात, वन्समोअर येत नाही. ‘प्रभात’शी त्यांचे नाते तेथेच संपले. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेशात दिसले, पण तेव्हा वय पन्नाशीला टेकले होते.

यानंतरची वर्षे ‘बालगंधर्व’ चित्रपटाने जवळजवळ सोडून दिली आहेत. गोहर कर्नाटकी ही गायिका मंडळीत आली आणि नारायणरावांच्या जुन्या स्त्रीभूमिका करू लागली. (प्रसिद्ध गौहर जान वेगळ्या, त्या १९३० मध्येच वारल्या.) लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर दोघे उघडपणे एकत्र राहिले. एका मुसलमान गायिकेशी जोडलेले हे नाते अनेक चाहत्यांना सहन झाले नाही, कित्येकांनी पाठ फिरवली. पडद्यावर गोहरबाईंना फार थोडी जागा मिळते. कर्जबाजारी पण शुद्ध मनाचा कलावंत लोकांना आवडतो. म्हातारा, आजाराने पायांनी अधू झालेला, टीकेचा धनी झालेला आणि तरीही एका बाईचा हात न सोडलेला कलावंत दाखवणे अवघड होते, आणि नेमके तेच दाखवण्यासारखे होते. ‘मी वसंतराव’ या २०२२ च्या चित्रपटात निपुण धर्माधिकारी यांनी गायक वसंतराव देशपांडे यांच्या कारकुनीची, उपेक्षेची आणि उशिरा मिळालेल्या यशाची वर्षे संथपणे उलगडली. नातू राहुल देशपांडे यांनी ती भूमिका केली आणि गायिलीही. तेवढी सवड ‘बालगंधर्व’ने आपल्या नायकाच्या उतारवयाला दिली नाही.

१९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.