दोन पट्ट्यांची धाव

बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी भाताच्या शिवारात वसलेले येळ्ळूर हे तालमीचे गाव. कुस्तीचे मैदान ही येथील प्रतिष्ठेची बाब, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे, सैन्यभरतीच्या सोळाशे मीटरांसाठी पहाटे रस्त्याने पळणारे तरुण या सीमाभागात कोणाला नवलाचे वाटत नाहीत. मुलींची धाव मात्र बहुधा शालेय क्रीडास्पर्धांच्या हंगामापुरती. आणि जिला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा जिची समज वयाच्या मागे राहिली आहे, तिच्या वाट्याला तेवढीही येत नाही. कवायतीच्या तासाला तिला माफी मिळते. माफी देणारे शिक्षक दुष्ट नसतात, किंबहुना दयाळूच असतात; परंतु इनामदाराला साऱ्याची माफी मिळाली तर त्याचे चार पैसे तरी वाचत, या मुलीचा मैदानाचा तास तेवढा बुडतो.

कायद्याचा आधार या माफीला उरलेला नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे सोळावे कलम, सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबर खेळाची व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे बजावते. तथापि दप्तरातला हुकूम मैदानावर उतरायचा, तर ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याला रीत ठाऊक असावी लागते. म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो, आणि आरंभ उदाहरणाने करतो.

जवळच्याच तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कुराश या कुस्तीसदृश खेळात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी, त्याच शहरी, महिन्याभराने भरलेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत चिक्कमगळूर जिल्ह्यातील एका खेड्यात आजीने वाढवलेली अंध रक्षिता राजू दीड हजार मीटरांच्या शर्यतीत सुवर्णपदकाची मानकरी ठरली; २०२३ मध्ये हांगचौला तिने ते पुन्हा जिंकले आणि २०२४ मध्ये ती पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये धावली. तिच्या शेजारी राहुल बालकृष्ण हा सोबती धावत असतो, आणि दोघांच्या हातांत एका आखूड दोरीची दोन टोके असतात.

या दोरीचे नियम मोठे मार्मिक आहेत. ती तीस सेंटिमीटरांहून लांब नसावी, ताणली जाणारी नसावी. सोबत्याने धावपटूला ओढू नये, ढकलू नये, आणि अंतिम रेषा धावपटूनेच आधी ओलांडावी. पूर्ण अंधांच्या गटात डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी बांधतात, कारण कोणाला किंचित उजेड कळतो आणि कोणाला तोही नाही. वळण आले, पुढे कोणी आहे, शेवटचे शंभर मीटर उरले, हे सारे सोबती पळतापळता सांगत असतो. म्हणजे पळूनही ज्याचा बोलण्यापुरता दम शिल्लक राहतो, असाच माणूस या कामाचा. आपल्या शाळांत अंध मुलीचा हात धरायला सहसा एखादी शांत, गरीब स्वभावाची मैत्रीण नेमतात. माझ्या मते हीच मोठी चूक. तिच्या दोरीचे दुसरे टोक शाळेतल्या सर्वांत वेगवान मुलीच्या हाती द्यावयास हवे.

नियमाचा काच किती, हे पॅरिसलाच दिसले. मॅरेथॉनमध्ये तिसरी येत असलेल्या स्पेनच्या एलेना कोंगोस्त हिने, रेषा अगदी काही पावलांवर असताना, पेटका येऊन कोसळू लागलेल्या आपल्या सोबत्याला सावरण्यासाठी दोरी क्षणभर सोडली, आणि तिचे कांस्यपदक गेले. पंच नियमाने बरोबर होते, हे मान्य करूनही मला त्यांचा राग येतो.

बौद्धिक अपंगत्वाच्या बाबतीत दोरीचे काम नाही. १९६८ साली शिकागोत सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सने पुढे संयुक्त रिले आणली, तिच्या चौघींत दोघी अपंगत्व असलेल्या व दोघी नसलेल्या असतात. अमेरिकेतच १९९६ मध्ये शार्लट शहरी निघालेल्या ‘गर्ल्स ऑन द रन’ या उपक्रमात मुली हंगामाच्या अखेरीस पाच किलोमीटर धावतात, सोबतीला एक जोडीदार असतो आणि कोण पहिली आली याला तेथे महत्त्व नसते. हे शेवटचे आमच्या कुस्तीप्रेमी गावाला पचेल असे मला वाटत नाही. येथे निकाल हवाच. परंतु रिले पचेल, कारण तिच्यात निकालही आहे.

खर्च म्हणाल तर आखूड दोरीचा. गडाचा चढ या सरावाला नको, शिवारातली सपाट वाट किंवा शाळेचे मैदान पुरे. फक्कीने पट्टे आखताना जोडीसाठी मात्र दोन पट्टे सोडावेत, कारण चारशे मीटरांपर्यंतच्या शर्यतींत मोठ्या स्पर्धांतही तसेच देतात. आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये सोबत्यांच्याही गळ्यात पदके पडली, तेव्हा शाळेच्या बक्षिसांच्या यादीत त्या एका क्रमांकासमोर दोन्ही मुलींची नावे लिहिण्यास मुख्याध्यापकांची हरकत नसावी.