कंत्राट आणि जबाबदारी
काम कंत्राटानें दिलें म्हणजे त्याची जबाबदारीहि गेली, असा समज पुष्कळ व्यवहारी मंडळींत आढळतो. तो किती घातक आहे याचा दाखला पश्चिम आफ्रिकेंतील आबिजान शहरानें २००६ सालीं पाहिला. ‘प्रोबो कोआला’ या जहाजावर गंधकयुक्त खनिज तेल कॉस्टिक सोड्यानें धुतल्यावर उरलेलें विषारी, दुर्गंधियुक्त सांडपाणी होतें. ॲम्स्टरडॅम बंदरांत त्याच्या शुद्धीकरणाचा दर फार वाटला. तेव्हां जहाज तें घेऊन पुढें गेलें. आबिजान येथें नुकताच परवाना मिळालेल्या एका कंत्राटदारानें तें अत्यल्प दरानें उचललें आणि १९ ऑगस्टच्या रात्रीपासून शहरांत ठिकठिकाणीं ओतलें. हजारों लोकांना दवाखान्यांकडे धांव घ्यावी लागली.

पर्यावरण-व्यवस्थापनाचें १४००१ क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक १९९६ सालीं निघालें. बाहेरून करवून घेतलेल्या कामांवरहि संस्थेनें नियंत्रण अथवा प्रभाव ठेवावा व आपल्या अटी कंत्राटदारास कळवाव्या, असें त्याच्या २०१५ च्या आवृत्तींत स्पष्ट सांगितलें आहे. याचा व्यवहारांतील अर्थ साधा आहे. कंत्राटदाराची साधनसामग्री आधीं पाहावी. अटी करारांत लिहाव्या. त्याच्या मजुरांना त्या त्यांच्या भाषेंत समजावून द्याव्या. आणि उचललेला कचरा योग्य स्थळीं पोंचल्याची पावती पाहिल्यावांचून बिल चुकतें करूं नये.

सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारण्यापूर्वीं मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे: एवढ्या पैशांत हें काम नीट होणें शक्य आहे काय? आबिजानच्या बाबतींत त्याचें उत्तर ॲम्स्टरडॅमच्या दरांतच मिळालेलें होतें.