घाणेरी काढल्यानंतरचं खरं काम

गावाचं गायरान असो, वारसांच्या वादात अडकलेलं शेत असो की वनविभागाचा माळ, काही वर्षं कुणी फिरकलं नाही की तिथे घाणेरी ठाण मांडते. कुणी तिला टणटणी म्हणतं, विदर्भात काही ठिकाणी रायमुनिया. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं. चुरगळली की उग्र वास सोडणारी खरखरीत पानं. बारीक काट्यांच्या फांद्या. झुडपं एकमेकांत गुंतत जातात, माणसाच्या डोक्यावर जातात आणि खालचं गवत संपतं. मग एक दिवस जेसीबी येतो. दोन दिवसांत रान मोकळं होतं, मालक समाधानाने घरी जातो. दोन पावसाळ्यांनंतर तिथेच पुन्हा घाणेरी उभी असते, बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा दाट.

असं का होतं, हे समजून घेतल्याशिवाय पडीक जमिनीवर पैसा घालू नये.

घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. बागेतून ती कुंपणावर गेली आणि कुंपणावरून रानात. तिची पिकलेली काळी फळं बुलबुल, साळुंक्या आवडीने खातात आणि बिया लांबवर टाकतात. गुरं मात्र तिला तोंड लावत नाहीत. दुष्काळात नाइलाजाने पाला खाल्लाच तर यकृतावर परिणाम होतो, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. म्हणजे पसरवणारे भरपूर, खाणारं कुणी नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या अधिवासापैकी सुमारे 40 टक्के क्षेत्रात, म्हणजे जवळपास 1 लाख 54 हजार चौरस किलोमीटरवर, घाणेरी पोचली आहे.

तिला हटवण्याचे प्रयत्नही जुने आहेत. 1921 मध्ये तिची फळं पोखरणारी माशी भारतात आणली गेली, 1941 मध्ये पानांतला रस शोषणारा ढेकूण. दोघांचाही तिच्यावर फारसा परिणाम झाला नाही. तोडून, जाळून, औषध मारून झालं. भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतल्या दोनशे वर्षांच्या प्रयत्नांचा आढावा 2012 मध्ये एका शोधनिबंधात घेतला गेला. समूळ उच्चाटन कुठेही साधलेलं नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

पण समूळ उच्चाटन होत नाही म्हणून जमीन परत मिळवताच येत नाही, असं नाही. दिल्ली विद्यापीठातले परिसंस्थातज्ज्ञ प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात हे करून दाखवलं. त्यांनी आधी नीट पाहिलं की तोडलेलं झुडूप फुटतं नेमकं कुठून. खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्या मानेपाशी फुटव्यांचे डोळे असतात. कोयत्याने वरून छाटलं की हे डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा धुमारे येतात. जेसीबीने उपटलं तर जमीन उलथीपालथी होते आणि मातीतल्या बियांना हवा तसा वाफा तयार मिळतो. बाबूंच्या पद्धतीत मजूर कुदळीने जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडतो, झुडूप उचलतो आणि मुळं आकाशाकडे करून उलटं ठेवतो. मान मातीला टेकत नाही, झुडूप वाळून जातं. यंत्र नाही, औषध नाही. काम करायचं ते मात्र फळं धरण्याआधी.

या पद्धतीचा दुसरा भाग लोक विसरतात, आणि खरं काम तेच आहे. पक्षी ज्या झाडांवर बसतात, त्यांच्या सावलीत घाणेरीची रोपं सर्वांत दाट उगवतात. पुढची दोन-तीन वर्षं तिथे जाऊन ती रोपं हाताने उपटावी लागतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवत आणावं लागतं. उघडी जमीन रिकामी राहत नाही. आपण काही लावलं नाही, तर पुन्हा तणच येतं.

विदर्भातला अनुभव हेच सांगतो. ताडोब्यातल्या नवेगाव आणि जामणी या गावांचं पुनर्वसन झाल्यावर त्यांची शेतं मोकळी राहिली. आज पर्यटक तिथल्या कुरणांवर चितळांचे कळप आणि वाघ पाहतात. ही कुरणं आपोआप झाली नाहीत. सोडलेल्या शेतात तरोटा, रानतुळस, घाणेरी झपाट्याने माजतात. ती बी धरण्याआधी काढणं आणि चाऱ्याच्या गवतांना जागा करून देणं, हे काम वर्षानुवर्षं चालतं. अमरावतीचे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांनी विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत याच कामासाठी आयुष्य वेचलं आहे. गवताकडे इतक्या गांभीर्याने पाहणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी डोंगरात आणखी एक गोष्ट कळते. तिथले सोलिगा आदिवासी उन्हाळा तापण्याआधी पालापाचोळ्याला हलकी आग लावत. 1970 च्या दशकात अभयारण्य झालं आणि या आगीवर बंदी आली. त्यानंतर घाणेरी जोरात पसरली. सोलिगा म्हणतात, आमची छोटी आग होती तोवर ही झाडी इतकी माजत नव्हती. संशोधकांनीही त्यांच्या म्हणण्याची दखल घेतली आहे. आता दाट घाणेरीच्या रानात वणवा लागला, तर तो हलका राहत नाही. ज्वाळा झाडांच्या शेंड्यांपर्यंत जातात. म्हणून आज काडी लावणं हा उपाय नव्हे.

काढलेल्या लाकडाचं काय? दक्षिणेत त्याचं फर्निचर होतं. निलगिरीतल्या गुडलूर भागातल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काठ्यांचे खऱ्या आकाराचे हत्ती केले. 2021 मध्ये ते लंडनच्या बागांत उभे होते. मजुरीचा खर्च त्यातून काही अंशी निघतो, हे मोलाचं आहे. पण निव्वळ लाकडासाठी तोड झाली आणि मुळं राहिली, तर जमिनीला त्याचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे तणनिर्मूलनाची कामं बहुतेक एका आर्थिक वर्षापुरती मंजूर होतात. मार्चअखेर बिलं निघतात, मोकळ्या जमिनीचे फोटो फायलीत लागतात आणि जूनमध्ये उगवणाऱ्या रोपांसाठी तरतूदच नसते. हा पैसा पाण्यात जातो. ग्रामसभांनी आणि वनव्यवस्थापन समित्यांनी गायरानाचा आराखडा करताना निदान तीन पावसाळ्यांची मजुरी त्यात मागून घ्यावी. एकदम शंभर एकर न घेता दहा एकर घ्यावेत, कडेकडेने पुढे सरकावं. आणि कुदळ लावण्याआधीच्या हिवाळ्यात मारवेल, पवन्या, डोंगरी या गवतांचं बी आसपासच्या माळावरून गोळा करून ठेवावं. घाणेरी निघाल्यावर पहिल्याच पावसात ते जमिनीत पडायला हवं.