मान्झनारची वारी

सिएरा नेवाडाच्या पूर्व पायथ्याशी, कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत मान्झनार आहे. लॉस एंजेलिसहून उत्तरेला सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना ज्या दहा छावण्यांत कोंडले, त्यांतली ही एक. एप्रिलच्या अखेरच्या शनिवारी इथे यात्रा भरते. एरवीही चर्चचे आणि बौद्ध मंदिरांचे गट इथे येतात.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर धरपकड सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच बौद्ध धर्मगुरू, जपानी भाषेचे शिक्षक आणि समाजाचे पुढारी उचलले गेले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली. हुकुमात जपान्यांचे नाव कुठेच नव्हते. कोणत्याही प्रदेशातून कोणालाही हलवण्याचा अधिकार लष्कराला दिला होता. तो वापरून सुमारे १,२०,००० माणसे घराबाहेर काढली गेली. त्यांतली दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होती. ना आरोप, ना सुनावणी. हाती उचलता येईल तेवढे सामान घ्यायचे. दुकाने, शेते, मासेमारीच्या होड्या मिळेल त्या भावात विकायच्या.

या काळात चर्चची भूमिका एकसारखी नव्हती. बर्कलेच्या फर्स्ट काँग्रिगेशनल चर्चने निघणाऱ्या कुटुंबांसाठी आपली इमारत खुली केली. अनेक चर्चेसनी शेजाऱ्यांचे सामान सांभाळले. पण मुळात हुकूमच चुकीचा आहे, असे उघड म्हणणारे थोडे होते. क्वेकर पंथीय त्यांत आघाडीवर होते; त्यांच्या पुढाकाराने चाललेल्या समितीने चार हजारांहून अधिक तरुणांना छावण्यांतून महाविद्यालयांत पोचवले. निर्वासितांना आधार देणे आणि त्यांना निर्वासित करणाऱ्या सत्तेला अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चच्या गटाने मान्झनारला जाताना हा फरक मनात ठेवायला हवा.

छावणीत एका वेळी दहा हजारांवर माणसे राहिली. काटेरी तारा, आठ पहारा-मनोरे, ३६ ब्लॉक. लाकूड आणि डांबरी कागदाच्या बराकीत वीस बाय पंचवीस फुटांच्या एका खोलीत आठ माणसे. शौचालये सामाईक, सुरुवातीला आडोसाही नसलेली. वाऱ्याने उडालेली धूळ फटींतून जेवणात, अंथरुणात शिरे. त्या धुळीत लोकांनी दगडांच्या बागा आणि तळी रचली. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि बौद्ध प्रार्थना चालत. शिंतो पूजेला मात्र मनाई होती. अनाथ मुलांनाही सूट मिळाली नाही: त्यांच्यासाठी छावणीत वेगळे अनाथालय होते आणि तिथे एकूण १०१ मुले राहून गेली.

दफनभूमीतला पांढरा स्तंभ १९४३ साली उभारला गेला. तो बांधणारे गवंडी र्योझो काडो कॅथलिक होते आणि त्यावरची अक्षरे बौद्ध धर्मगुरू शिंजो नागातोमी यांची. मृतात्म्यांना शांती देणारा मनोरा, असा त्या अक्षरांचा अर्थ.

नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली, बराकी विकल्या-मोडल्या गेल्या. सुटलेली माणसे शरमेपोटी वर्षानुवर्षे मुलांशीही याबद्दल बोलली नाहीत. डिसेंबर १९६९ मध्ये कडाक्याच्या थंडीत सुमारे दीडशे जण, बहुतेक तरुण, इथे आले. आपणच पहिले, असे त्यांना वाटत होते. नंतर कळले, की बौद्ध धर्मगुरू सेंतोकू मायेदा आणि ख्रिस्ती धर्मगुरू शोइची वाकाहिरो छावणी बंद झाल्यापासून दरवर्षी इथे येऊन मृतांसाठी प्रार्थना करत होते. मान्झनारच्या स्मृतीचे पहिले श्रेय या दोघांचे.

पुढे सू कुनितोमी एम्ब्री यांच्या मान्झनार समितीने ही यात्रा वार्षिक केली आणि स्मारकासाठी लढा दिला. या अन्यायाची चौकशी करणाऱ्या संघराज्य आयोगाने १९८३ साली वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही त्याची कारणे नोंदवली. १९८८ च्या कायद्याने माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर मिळाले. सुमारे ८२,००० लोकांना ही भरपाई पोचली. १९९२ मध्ये मान्झनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले.

आता छावणीतल्या शाळेच्या सभागृहात संग्रहालय आहे, शेजारी पुन्हा उभारलेल्या बराकी आणि एक पहारा-मनोरा. यात्रेच्या दिवशी स्तंभापाशी दहाही छावण्यांची नावे पुकारली जातात, सर्वधर्मीय प्रार्थना होते, फुले वाहिली जातात, शेवटी सगळे फेर धरून नाचतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतल्या मुस्लिमांवर संशयाची नजर वळली, तेव्हा जपानी-अमेरिकी संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. तेव्हापासून मुस्लिमांचे गटही या यात्रेला येतात.