श्रद्धेची कलमे : परंपरानिष्ठ इव्हँजेलिकल ख्रिस्ती मताचा गाभा

इव्हँजेलिकल ख्रिस्ती मताला पोप नाही, मध्यवर्ती धर्मपीठ नाही आणि सर्वांना बंधनकारक असे एकच मतपत्रही नाही. बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल अशा अनेक मंडळ्यांत, इतकेच काय अँग्लिकन चर्चमध्येही, या मताचे लोक आहेत. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या माणसाला, मंडळीचा कारभार बिशपने पाहावा की वडीलजनांनी, यावर त्यांचे कधीच एकमत झाले नाही. त्यांना जोडणारा धागा म्हणजे काही ठरावीक सिद्धांतांवरची निष्ठा. हे सिद्धांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा कलमवार लिहून काढण्यात आले. त्या याद्या कालक्रमाने वाचल्या की ध्यानात येते की मूळ श्रद्धा फारशी बदललेली नाही. मात्र कोणते कलम वर आणायचे, हे त्या त्या काळी कशाला आव्हान मिळत होते यावरून ठरत गेले.

1846 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल अलायन्सने नऊ कलमे मान्य केली. त्यांत पवित्र शास्त्राचे ईश्वरप्रेरित असणे, त्रैक्य, मानवी स्वभावाचे पूर्ण पतन, ख्रिस्ताचे देहधारण व प्रायश्चित्त, केवळ विश्वासाने नीतिमान ठरणे, पवित्र आत्म्याचे कार्य आणि अंतिम न्याय हे सारे आहे. दुसरे कलम मात्र आजच्या वाचकाला थोडे अनपेक्षित वाटेल : शास्त्राचा अर्थ स्वतः लावणे हा प्रत्येकाचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे ते सांगते. त्या काळी समोर रोमचे धर्मपीठ होते. पुढे 1910 मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन महासभेने पाच अत्यावश्यक सिद्धांत जाहीर केले, तेव्हा प्रतिपक्ष बदलला होता. धर्मोपदेशकपदाच्या काही उमेदवारांनी येशूच्या कुमारीजन्माला संमती द्यायचे नाकारले होते. म्हणून त्या यादीत शास्त्राची निर्दोषता, कुमारीजन्म, पापी माणसाच्या जागी ख्रिस्ताने दिलेले बलिदान, सदेह पुनरुत्थान आणि चमत्कारांची सत्यता ही कलमे आली. त्रैक्याचा त्यात उल्लेखही नाही. त्यावर तेव्हा भांडण नव्हते.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी 1989 मध्ये या परंपरेची चार लक्षणे सांगितली : बायबलनिष्ठा, क्रूसकेंद्रितता, मनपरिवर्तनाचा आग्रह आणि कार्यप्रवणता. अभ्यासकांत हीच व्याख्या आज सर्वाधिक प्रचलित आहे. पण ती बाहेरून केलेली वर्णनात्मक व्याख्या आहे. आतल्या माणसाला आधी सत्य काय ते सांगायचे असते, लक्षणे नंतर.

या सत्यातला मोठा भाग इव्हँजेलिकलांचा खास नव्हेच. देव एक आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत आहे. येशू पूर्ण देव व पूर्ण मानव आहे. तो कुमारी मरियेपोटी जन्मला, क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. हे सारे चौथ्या व पाचव्या शतकांतल्या नायसिया आणि खाल्सेदोन येथील धर्मपरिषदांनी निश्चित केले होते आणि कॅथलिक व ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही तेच मानतात. इव्हँजेलिकलांचे वेगळेपण सुरू होते ते हे सारे कोणत्या अधिकाराने मानायचे, या प्रश्नापासून.

त्यांचे उत्तर आहे शास्त्र, आणि अंतिम अधिकार म्हणून फक्त शास्त्र. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने पोप व धर्मपरिषदा चुकू शकतात असे म्हटले, तेव्हाच हा सिद्धांत पुढे आला. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके आहेत. कॅथलिक बायबलातली आणखी सात त्यांना शास्त्र म्हणून मान्य नाहीत. परंपरा, बुद्धी, अनुभव यांना मान आहे, पण शास्त्राशी विरोध आला तर माघार त्यांनी घ्यायची. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले सोळावे वचन या सिद्धांताचा मुख्य आधार म्हणून दाखवले जाते.

हे शास्त्र ईश्वरप्रेरित म्हणजे नेमके कसे? देवाने शब्द सांगितले आणि माणसाने लेखनिकासारखे उतरवून घेतले, असे परंपरानिष्ठ विद्वान सहसा म्हणत नाहीत. प्रिन्स्टनचे ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड यांनी 1881 च्या एका प्रसिद्ध निबंधात मांडलेली भूमिका पुढे प्रमाण झाली. लेखकांची भाषा, शैली, स्वभाव हे सारे त्यांचे स्वतःचे; पण देवाने त्यांना असे चालवले की जे लिहिले गेले ते शब्दशः त्याला हवे तेच झाले, आणि म्हणून मूळ हस्तलिखितांत ते निर्दोष होते. जर्मन विद्यापीठांत त्याच सुमारास बायबलची चिकित्सा जोरात होती. जुन्या करारातली पहिली पाच पुस्तके एकट्या मोशेची नसून वेगवेगळ्या काळांतल्या लेखनातून जुळवलेली आहेत, हे यूलिउस वेलहाउझेनचे 1878 मधले प्रतिपादन अमेरिकेतील धर्मशास्त्र-विद्यालयांत पोहोचले होते. प्रिन्स्टनचा निबंध हे त्याला दिलेले उत्तर होते.

सर्वसामान्य मंडळ्यांपर्यंत हे उत्तर नेले ते तेलाच्या पैशाने. कॅलिफोर्नियातील तेल उद्योजक लायमन स्टुअर्ट आणि त्यांचे बंधू मिल्टन यांनी 1910 ते 1915 या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाचे 12 खंड छापून पाळक, मिशनरी, धर्मशिक्षक यांना फुकट वाटले. त्यांत 90 लेख होते आणि सुमारे 30 लाख प्रती निघाल्या. ‘फंडामेंटलिस्ट’ ही संज्ञा 1920 मध्ये एका बाप्टिस्ट संपादकाने रूढ केली ती याच वातावरणात. त्या लेखकांचे मत मात्र पुढच्या पिढ्यांना वाटते तितके एकसाची नव्हते. स्कॉटिश धर्मशास्त्रज्ञ जेम्स ऑर त्यांच्यातलेच एक. शास्त्रातल्या प्रत्येक तपशिलाच्या निर्दोषतेवर सगळी श्रद्धा उभी करणे त्यांना आत्मघातकी वाटे आणि उत्क्रांतीशी त्यांचे मूलतः वैर नव्हते. 1925 मध्ये टेनेसीतील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला आणि त्याला 100 डॉलर दंड झाला. त्या खटल्याने या चळवळीची जी प्रतिमा जगभर गेली, तीत ऑर बसत नाहीत. पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच आहे हा आग्रह व्यापक झाला तो त्याही नंतर, 1961 मधील व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या जलप्रलयावरील ग्रंथापासून.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फंडामेंटलिस्टांमधल्याच एका गटाला जगापासून फटकून राहणे नकोसे झाले. 1942 मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स, 1947 मध्ये पासाडिना येथील फुलर सेमिनरी, 1956 मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ हे नियतकालिक आणि बिली ग्रॅहम यांच्या प्रचंड सभा ही या नव्या पिढीची कामे. सिद्धांत तेच, बोलण्याची रीत निराळी. पण 1970 च्या दशकाच्या आरंभी फुलर सेमिनरीनेच आपल्या मतपत्रातला निर्दोषतेचा जुना शब्द सोडला आणि घरातच वाद पेटला. हॅरॉल्ड लिंडसेल यांनी 1976 मध्ये बायबलसाठी युद्ध सुरू असल्याचे सांगणारे पुस्तक लिहिले. ऑक्टोबर 1978 मध्ये शिकागो येथे जमलेल्या जवळपास तीनशे विद्वान व पुढाऱ्यांनी 19 कलमांच्या निवेदनावर सह्या केल्या. जे. आय. पॅकर, फ्रान्सिस शेफर, आर. सी. स्प्राउल, कार्ल हेन्री ही त्यातली ठळक नावे.

हे शिकागो निवेदन मुळातून वाचावे असे आहे, कारण ते टीकाकारांना वाटते तितके भाबडे नाही. प्रत्येक कलमात आधी काय मान्य आणि मग काय अमान्य, ते सांगितले आहे. काटेकोर अर्थाने ईश्वरप्रेरणा मूळ हस्तलिखितांना लागू होते, नकलांना नाही. पूर्णांकात दिलेले आकडे, अतिशयोक्ती, व्याकरणाची ढिलाई, डोळ्यांना दिसते तसे केलेले निसर्गवर्णन या गोष्टी चुका नव्हेत, असे ते स्पष्ट करते. मात्र निर्दोषता केवळ आध्यात्मिक विषयांपुरती आहे, ही पळवाटही ते बंद करते : इतिहास आणि विज्ञान यांच्या क्षेत्रातही शास्त्र खरेच बोलते. परंपरानिष्ठ आणि उदार इव्हँजेलिकल यांच्यातली सीमारेषा आजही बहुधा याच ठिकाणी आखली जाते. ‘उरले नाही ते मूळ हस्तलिखित निर्दोष होते’ या दाव्याचा व्यवहारात उपयोग काय, या आक्षेपाला मात्र निवेदनाचे उत्तर तोकडे वाटते.

शास्त्रानंतर माणूस. आदाम-हव्वेच्या आज्ञाभंगामुळे सारी मानवजात पतित झाली, असे हे मत सांगते. पाप म्हणजे केवळ वाईट कृत्ये नव्हेत. बुद्धी, इच्छा, भावना या साऱ्यांना लागलेली ती कीड आहे. सदाचाराने, दानधर्माने किंवा विधींनी माणूस देवाशी समेट करू शकत नाही. कर्म आणि त्याचे फळ यांवर वाढलेल्या भारतीय वाचकाला सर्वांत जड जाणारा सिद्धांत हाच असावा.

त्यावरचा एकमेव उपाय म्हणजे क्रूस. ख्रिस्ताच्या मृत्यूचा अर्थ ख्रिस्ती इतिहासात अनेक प्रकारे लावला गेला : सैतानावरचा विजय, कैद्यांसाठी भरलेली खंडणी, प्रेमाचा परम आदर्श. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने देवाच्या अपमानाची भरपाई अशी त्याची मांडणी केली. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या जॉन कॅल्विनच्या हाती ती न्यायालयाच्या भाषेत आली. देव न्यायी आहे, म्हणून पापाला दंड झालाच पाहिजे. देव प्रेमळ आहे, म्हणून तो दंड त्याने आपल्या पुत्राच्या रूपाने स्वतःच भोगला. पापी माणसाच्या जागी निष्पाप ख्रिस्त उभा राहिला. जुन्या करारातील यशयाच्या 53 व्या अध्यायाकडे या अर्थाचे भाकीत म्हणून बोट दाखवले जाते. इतर अर्थ खोटे आहेत असे परंपरानिष्ठ म्हणत नाहीत, पण हा अर्थ काढला तर बाकीचे उभे राहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. 2003 मध्ये ब्रिटनमधील बाप्टिस्ट पाळक स्टीव्ह चॉक यांनी या मांडणीत देव आपल्याच मुलाला छळणारा बाप ठरतो, अशा आशयाची टीका केली. तेव्हा तिथल्या इव्हँजेलिकल वर्तुळात काही वर्षे वादळ उठले. इंग्रज धर्मशास्त्रज्ञ जॉन स्टॉट यांनी 1986 मध्येच या आक्षेपाला उत्तर देऊन ठेवले होते : इथे तिसऱ्याच कुणाला शिक्षा होत नाही, न्यायाधीशच आरोपीच्या जागी येतो. त्रैक्याचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो, तो काढला तर चॉक यांचा आक्षेप बिनतोड ठरतो.

क्रूसावर घडलेले व्यक्तीला लागू होते ते विश्वासाने, केवळ विश्वासाने. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या खाती जमा होते आणि देव त्याला नीतिमान ठरवतो. माणूस आतून हळूहळू पवित्र होतो ही पुढची गोष्ट. निकाल आधी लागतो. कॅथलिक चर्चने 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत हा सिद्धांत नाकारला होता. 1999 मध्ये लूथरन व कॅथलिक चर्चांनी संयुक्त निवेदन काढूनही अनेक परंपरानिष्ठांचे समाधान झालेले नाही.

विश्वास म्हणजे मतपत्राला होकार नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला जो नवा जन्म सांगतो, तो प्रत्येकाला घ्यावाच लागतो. ख्रिस्ती घरात जन्मणे, बाप्तिस्मा होणे, चर्चला जाणे यांतले काहीही त्याऐवजी चालत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली धर्मोपदेशक होऊन बरीच वर्षे लोटली होती. तरी आपले तारण झाल्याची खात्री त्यांना 24 मे 1738 रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत झाली. मराठी वाचकांना याहून जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांवर त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम यांना स्वतःचेच प्रवचन देताना नवा जन्म लाभला होता. 1907 मधील आपल्या इंग्रजी साक्षीत रमाबाईंनी कबूल केले की तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्मा आणि तारण यांतले हे अंतर म्हणजे या परंपरेचे मर्म आहे. बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरपर्यंत केले, त्यामागेही शास्त्र प्रत्येकाच्या हाती पोहोचलेच पाहिजे ही श्रद्धा होती.

हा नवा जन्म पवित्र आत्मा देतो, यावर एकमत आहे. देव कुणाला तारायचे हे आधीच निवडतो (कॅल्विनचे अनुयायी) की माणूस कृपेला होकार किंवा नकार देऊ शकतो (वेस्लीचे अनुयायी), आणि एकदा मिळालेले तारण गमावता येते का, यावर मुळीच नाही. अन्य भाषांत बोलणे, रोगनिवारण ही आत्म्याची दाने आजही मिळतात का, यावरही दोन तट आहेत. वॉरफिल्ड यांच्या मते ती प्रेषितांच्या काळाबरोबर संपली; पेंटेकोस्टल मंडळ्या नेमक्या त्या दानांवरच उभ्या आहेत. 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर ही चळवळ फोफावली, त्याच्या आदल्या वर्षी केडगावात तशाच संजीवनाची लाट येऊन गेली होती.

ख्रिस्त सदेह व सर्वांना दिसेल असा परत येईल, मृत उठतील, न्याय होईल, हे सर्वमान्य. त्याचा क्रम मात्र वादाचा. जॉन नेल्सन डार्बी यांची विश्वासणाऱ्यांना आधी वर उचलून नेले जाईल ही मांडणी 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांतून अमेरिकेत घरोघर गेली. इस्राएल राष्ट्राविषयी तिथल्या अनेक इव्हँजेलिकलांना वाटणाऱ्या आस्थेचे मूळ बरेचसे तिथे आहे. नरकाची शिक्षा अनंतकाळची, हे 1846 पासूनचे कलम. पण स्टॉट यांच्यासारख्या प्रमाण मानल्या गेलेल्या विद्वानानेही 1988 मध्ये दुष्टांचा अखेर नाश होत असावा असे संकोचाने सुचवले होते.

तारण फक्त ख्रिस्तातच, या सिद्धांतातून सुवार्ताप्रसार कर्तव्य ठरतो. विल्यम कॅरी यांनी 1792 मध्ये त्यासाठी पुस्तिका लिहिली आणि पुढच्या वर्षी ते बंगालात आले. 1805 मधील त्यांचे मराठी व्याकरण याच कामाचे फलित. 1813 मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, तेही याच श्रद्धेने. ज्यांच्या कानी सुवार्ता कधी गेलीच नाही त्यांचे काय, हा प्रश्न बहुतेक मतपत्रे टाळतात. तो टाळण्यासारखा नाही.

याच सुवार्ताप्रसाराचा विचार करायला 1974 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे 150 देशांचे इव्हँजेलिकल प्रतिनिधी जमले. लॅटिन अमेरिकेतील रेने पादिया, सॅम्युएल एस्कोबार यांच्या आग्रहामुळे तिथल्या 15 कलमी करारात सामाजिक न्यायालाही जागा मिळाली. पुढे स्त्री-पुरुषांच्या भूमिकांचा प्रश्न वर आला : अमेरिकेतील इव्हँजेलिकलांच्या 1987 च्या डॅनव्हर्स निवेदनाने कुटुंबात व मंडळीत पुरुषाचे नेतृत्व हा शास्त्राचा आदेश ठरवला. 2000 मध्ये सदर्न बाप्टिस्ट मंडळ्यांनी पाळकपद पुरुषांपुरते राखले. 1974 च्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या लोझान चळवळीची चौथी परिषद सप्टेंबर 2024 मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे भरली. तिच्या निवेदनात शुभवर्तमान, बायबल, मंडळी, मानवी व्यक्ती, शिष्यत्व आणि राष्ट्रांचे कुटुंब असे सहा विषय आहेत. सातवा आहे तंत्रज्ञान.