अपेक्षा मोजायची कधी?

खासगी संगीत क्लासमध्ये अपेक्षा तिघांच्या असतात: मूल, पालक, शिक्षक. प्रश्नावलीत त्या एकत्र कोंबू नका.

ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन यांनी १५७ मुलांना वाद्य शिकायला लागण्याआधीच विचारलं, किती काळ वाजवशील? सराव सारखाच असला, तरी दीर्घकाळ वाजवायचं म्हणणारी मुलं जास्त पुढे गेली.

आता समजा, घाटंजीत पेटीच्या क्लासचा अभ्यास करायचाय. पालकांना गांधर्वची परीक्षा अन् दहावीचे वाढीव गुण हवे असतील, सरांना रोजचा रियाज, पोराला आवडतं गाणं. म्हणून तिघांना वेगवेगळं विचारा, तेही पहिल्या तासाआधी. सहा महिन्यांनी विचाराल, तर अपेक्षेत अनुभव मिसळलेला असेल. आणि आईसमोर विचाराल, तर पोराच्या तोंडून आईचंच उत्तर ऐकू येईल.